शीत किनारी सागरातील मुशींचे वितरण आणि यकृततेलाचा व्यापार

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात अमेरिकन यादवी युद्धाच्या काळाला (१८६१-१८६५) विशेष स्थान आहे. अमेरिकेचा कापूस अडताच लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी हिंदुस्थानकडे वळली आणि अमरावती, अकोला, खामगाव या परिसरातील कापूस-व्यापारास तेजी आली. युद्धाने एका ठिकाणचा पुरवठा तोडावा आणि त्याचा भार दूरच्या प्रदेशाच्या साधनसंपत्तीवर पडावा, ही प्रक्रिया पुढे सागरी क्षेत्रातही घडून आली.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि तेथील कॉड माशाच्या यकृततेलाचा पुरवठा खंडित झाला. हे तेल 'अ' जीवनसत्त्वाचा प्रमुख स्रोत होते. त्याला पर्याय म्हणून मुंबई व मद्रास प्रांतांत मुशीच्या यकृतापासून तेल काढण्याचे उद्योग शासनाने हाती घेतले. कॅलिफोर्नियाच्या शीत किनारी सागरातील सूपफिन मुशीच्या यकृतात हे जीवनसत्त्व विपुल असल्याचे त्यापूर्वीच लक्षात आले होते. तेथील मासेमारीने १९३९ मध्ये उच्चांक गाठला. परंतु काही वर्षांतच उत्पादन झपाट्याने घसरले.

या मासेमारीतूनच मुशीच्या वितरणाचे स्वरूप उघड झाले. डब्ल्यू. ई. रिप्ले यांच्या १९४६ मधील अभ्यासानुसार उत्तर कॅलिफोर्नियात प्रामुख्याने नर, दक्षिणेत प्रामुख्याने माद्या, तर मध्य भागात दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात आढळत. म्हणजेच एका ठिकाणची अतिरिक्त मासेमारी केवळ संख्या घटवीत नाही, तर प्रजननक्षम माद्यांचा हिस्साच हिरावून घेऊ शकते. केवळ एकूण उत्पादनाच्या आकड्यांतून हा धोका दिसत नाही.

येथेच कापसाशी असलेले साम्य संपते. कापूस दरवर्षी पेरता येतो. सूपफिन मादीला मात्र प्रौढ होण्यास दहाहून अधिक वर्षे लागतात. १९४७ मध्ये 'अ' जीवनसत्त्वाचे कृत्रिम संश्लेषण यशस्वी झाले आणि पुढे यकृततेलाची मागणी ओसरली. तथापि तोपर्यंत मुशींचे साठे खालावले होते. २०२० मध्ये या प्रजातीची नोंद जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

भारतात २००१ मध्ये काही मुशी व पाकटांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २०२२ च्या दुरुस्तीने ही सूची विस्तारली. तथापि केवळ प्रजातींची सूची पुरेशी नाही. कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या ऋतूत, कोणत्या वयाचे नर वा माद्या आढळतात, हे व्यापार वाढण्यापूर्वी जाणून घेणे आवश्यक आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.