कापडात विणलेला प्रबंध : अ‍ॅनी अल्बर्स

पेट किंवा नेटची तयारी करताना ‘संशोधन समस्या’ची व्याख्या आपण पाठ करतो. पण चांगली समस्या प्रत्यक्षात दिसते कशी? आजचं उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, हातमागावरचं आहे.

अ‍ॅनी अल्बर्स यांचा जन्म १८९९ साली बर्लिनमध्ये झाला. १९२२ मध्ये त्या वायमारच्या ‘बाउहाउस’ या कलाशाळेत दाखल झाल्या. त्यांना काचकामाच्या कार्यशाळेत जायचं होतं. मात्र विद्यार्थिनींना बहुतेक वेळा विणकामाकडेच वळवलं जाई. ते ‘बायकांचं काम’ असा समज तिथेही होता. अल्बर्स नाइलाजानेच मागावर बसल्या.

आता १९३० मध्ये येऊ. बर्लिनजवळ बर्नाऊ इथे हान्नेस मायर यांनी कामगार संघटनांसाठी एक प्रशिक्षण शाळा बांधली. तिच्या सभागृहात आवाज घुमायचा. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे भिंतींना मखमल लावणं. तंतूंमधल्या हवेत ध्वनिलहरी शिरतात, घर्षणाने त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि घुमणं कमी होतं. पण फिकट मखमलीवर हातांचे डाग दिसतात, म्हणून रंग गडद निवडावा लागतो. गडद कापड प्रकाशही गिळतं आणि सभागृह अंधारतं.

म्हणजे गरज होती ती ध्वनी शोषणाऱ्या, पण प्रकाश परत फेकणाऱ्या कापडाची. अल्बर्स यांनी दोन्ही कामं कापडाच्या दोन बाजूंना वाटून दिली. मागच्या बाजूला ध्वनीसाठी शनील, दर्शनी बाजूला चकाकणारं सेलोफेन. झाइस इकॉन या कंपनीने त्या कापडाच्या प्रकाश-परावर्तनाची तपासणी केली. याच कामावर अल्बर्स यांना बाउहाउसची पदविका मिळाली. थोडक्यात, कापड हाच त्यांचा प्रबंध!

इथे पद्धत बघा. ‘सुंदर कापड विणणे’ ही संशोधन समस्या नाही. ती तपासणार कशी? ‘एकाच कापडात हे दोन गुणधर्म आणता येतील का?’ हा प्रश्न मात्र तपासता येतो. उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यताही त्यात आहे.

१९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. ज्यू कुटुंबातल्या अ‍ॅनी आणि त्यांचे पती, चित्रकार योसेफ अल्बर्स, अमेरिकेला गेले. तिथल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात दोघांनी १९४९ पर्यंत शिकवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अ‍ॅनी यांचं एकल प्रदर्शन भरलं. विणकर कलाकाराला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळत होता. पुढे त्यांनी नॉल कंपनीसाठी कापडांची डिझाइन्सही केली.

पूर्वसुरींचा अभ्यासही त्यांनी सोडला नाही. पेरूच्या प्राचीन कापडांतली ताण्या-बाण्याची रचना त्यांनी बारकाईने अभ्यासली. १९६५ चं विणकामावरचं पुस्तक त्यांनी पेरूच्या त्या अनाम विणकरांनाच, आपले गुरू म्हणून, अर्पण केलं. साहित्याचा आढावा म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे, तो असा ऋणनिर्देशही असतो.

अल्बर्स यशस्वी झाल्या म्हणून मुलींना विणकामाकडे ढकलणं योग्य ठरत नाही. किती जणींची काच राहून गेली, त्याचा हिशेब कुणाकडे नाही. पण हवा तो विषय न मिळालेले आपल्यातही बरेच असतात. त्यांनी हातातल्या विषयाला एवढंच विचारून बघावं : यात एकमेकांच्या आड येणाऱ्या दोन गरजा कोणत्या, आणि त्या मोजायच्या कशा?