शहागडच्या तीरावरून मलिक अंबर: गादीवांचून राज्यकर्ता

शहागड हें जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील गोदातीरावरचें गांव. नदी ओलांडली कीं बीड जिल्हा लागतो. येथें उभें राहून दिशा पाहिल्या तर एका हबशी पुरुषाची राजकीय कारकीर्द सभोंवार पसरलेली दिसते. दक्षिणेस परांडा, वायव्येस खडकी व दौलताबाद, उत्तरेस रोषणगांव, आणि प्रवाहाबरोबर खालीं नांदेड. हा पुरुष मलिक अंबर होय. त्यानें सव्वीस वर्षें राज्य राखिलें, पण गादी घेतली नाहीं. ही निःस्पृहता कीं दूरदृष्टि, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियांत जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मीर कासीमनें त्यास अंबर हें नांव दिलें. हा अरबी शब्द सुगंधी द्रव्याचा वाचक आहे. आकाशवाचक संस्कृत ‘अंबरा’शीं त्याचें नातें जोडण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृतज्ञांनीं आवरावा हें बरें. पुढें अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्यास विकत घेतलें. हा धनीहि मूळचा हबशीच. पेशवाईचें मर्म अंबरानें येथेंच पाहिलें असावें.

इ. स. १६०० मध्यें अहमदनगरचा किल्ला मोगलांनीं घेतला. अंबरानें खचून न जातां निजामशाही वंशांतील दुसऱ्या मूर्तजास परांड्यास गादीवर बसविलें आणि आपली मुलगी त्यास दिली. १६०२ सालीं नांदेडजवळच्या लढाईंत तो जखमी झाला. तरी १६०७ पर्यंत प्रतिस्पर्धी राजू दखनी याचा त्यानें बंदोबस्त केला. पुढें दौलताबाद राजधानी झाली व जवळच खडकी वसली. तेंच पुढील औरंगाबाद, व आतांचें छत्रपति संभाजीनगर.

१६१० मध्यें मूर्तजा वारला व एक लहान मूल गादीवर आलें. मूर्तजास विष दिलें गेलें, असें व्हॅन डेन ब्रोक हा डच व्यापारी लिहितो. परंतु तो १६१७ मध्यें, म्हणजे सात वर्षांनंतर, या मुलखांत आलेला. त्याची साक्ष ऐकीव आहे हें ध्यानांत ठेवूनच ती घ्यावी; मात्र ती अडचणीची आहे म्हणून टाकून देणें हें संशोधकाचें काम नव्हे.

मग अंबर स्वतः सुलतान कां झाला नाहीं? बंगालमध्यें १४८७ नंतर हबशी सुलतान गादीवर आले, पण सहासात वर्षांतच ती राजवट संपली. आमच्या मतें अंबराचें बळ दखनी, हबशी व मराठे सरदारांच्या एकीत होतें, आणि त्या सर्वांस मान्य असें नांव निजामशहाचेंच होतें. ही एकी ढळली कीं काय होतें तें १६१६ मध्यें दिसलें. कांहीं सरदार मोगलांस मिळाले, रोषणगांवास अंबराचा पराभव झाला व खडकी जाळली गेली. ती सांधली तेव्हां काय होतें तें १६२४ मध्यें भातवडीस दिसलें. तेथें मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा त्यानें मोड केला. शहाजीराजे त्या वेळीं त्याच्याच बाजूनें लढले.

पण याच धोरणांत त्याच्या राज्याची मर्यादाहि होती. १६२६ मध्यें अंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. पुत्र फत्तेखान यास अधिकार मिळाला, विश्वास मिळाला नाहीं. १६३३ मध्यें दौलताबाद गेलें आणि १६३६ मध्यें निजामशाही संपली. उसन्या नांवावर चालविलेलें राज्य चालविणाऱ्याच्या मागें सात वर्षेंहि धड टिकलें नाहीं.

टिकली ती जमिनीची व्यवस्था. मोजणी, पिकाचा अंदाज आणि वतनदारांची जबाबदारी यांवर बसविलेला त्याचा धारा ‘मलिकंबरी’ या नांवानें मराठी कागदांत पुढेंहि येत राहिला. गादीनें न दिलेलें नांव त्यास कुळांच्या हिशेबांनीं दिलें!

म्हणूनच आमची संग्राहकांस विनंति आहे. तवारिखा फौजांच्या हालचाली सांगतात. धारा सांगतात तीं देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतील फुटकळ कागदपत्रें. गोदाकांठच्या घरांत असे रुमाल असल्यास ते वाळवीच्या व रद्दीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं नकलून घ्यावे. राजमुद्रा नसलेल्या राज्यकर्त्याचा खरा शिक्का अशा कागदांवरच उमटलेला असतो.