कणांची वाटणी : प्लाझ्मा संगणकात कसा मावला?

१/ वायूला प्रचंड उष्णता दिली की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विद्युत्भारित कणांचा समुदाय उरतो. हाच प्लाझ्मा, सूर्य याचाच बनलेला. यातला प्रत्येक कण इतर सर्व कणांना ओढतो किंवा ढकलतो. केवळ १०,००० कण घेतले, तरी जोड्या होतात सुमारे ५ कोटी! एवढा हिशेब मांडावा कसा?

२/ आरंभ झाला मोजक्या कणांपासून. नाझींचा तुरुंगवास भोगून इंग्लंडला आलेले ऑस्कर ब्युनेमन यांनी १९५९ मध्ये, तर प्रिन्स्टनच्या जॉन डॉसन यांनी १९६२ मध्ये असे संगणकीय प्रयोग प्रसिद्ध केले.

३/ पुढे युक्ती सापडली ती जाळीची. कणांचा विद्युत्भार जाळीच्या बिंदूंवर वाटायचा, तेथे विद्युत्क्षेत्र काढायचे, त्याच्या बळाने कण एक पाऊल सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. जोडीजोडीचा हिशेब टळला. जाळीवरचे गणित झपाट्याने सोडवण्याची रीत रॉजर हॉकनी यांनी १९६५ मध्ये दिली.

४/ १९८० च्या दशकात समांतर संगणक अवतरले. कॅलटेकच्या ‘कॉस्मिक क्यूब’मध्ये ६४ प्रोसेसर होते, प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र. आता पेच वाटणीचा! नुसते कण वाटावेत, तर प्रत्येकाला संपूर्ण जाळी बाळगावी लागते. जागा समान वाटावी, तर कण एकीकडे दाटी करतात. तिथला प्रोसेसर राबत राहतो आणि उरलेले त्याची वाट पाहत बसतात.

५/ १९८९ मध्ये पॉलेट लिवर आणि व्हिक्टर डेसिक यांनी तोड काढली: वाटणी एक नव्हे, दोन. कणांसाठी जागेच्या सीमा अशा आखायच्या की प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच कण यावेत. क्षेत्राच्या गणितासाठी मात्र जाळीचे समान तुकडे पाडायचे. सीमा ओलांडणारा कण शेजाऱ्याच्या हवाली करायचा. ‘मार्क ३ हायपरक्यूब’वर ही रीत चालवून दाखवली गेली.

६/ २०२२ मध्ये ‘वार्पएक्स’ या कणाधारित प्रणालीला गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. ती ‘फ्रंटियर’सारख्या महासंगणकांवर धावली. यंत्रे बदलली, पण मूळ प्रश्न तोच राहिला. भावकीतली शेताची वाटणी नुसत्या क्षेत्रफळावर होत नाही, जमिनीचा कसही पाहावा लागतो. इथेही तसेच: समान जागा म्हणजे समान काम नव्हे.