प्रिन्स, त्याची सावली आणि पुण्यातला रिमेक

शनिवारी दुपारी जेवून मस्त ताणून द्यायचा बेत होता. त्याऐवजी सप्टेंबर २०२० चा एक ट्रेलर काढला आणि सलग तीनदा बघितला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या गेमच्या रिमेकचा. हा रिमेक आता कुणालाच खेळायला मिळणार नाही, कारण जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने तो रद्द केला. आणि मंडळी, या गेमची मी जेवढी टिंगल केली तेवढी दुसऱ्या कुठल्याच गेमची केलेली नाही. तेव्हा आजचा लेख म्हणजे थोडा इतिहास आणि थोडं प्रायश्चित्त.

सुरुवात इंदापूरपासून करू.

आमचं घर इंदापूर तालुक्यात, सोलापूर हायवेपासून थोडं आत. २००७ साली चुलत भावाने इंदापुरात एमएस-सीआयटीचा क्लास लावला होता. (तेव्हा नोकरीच्या अर्जात असो नाहीतर लग्नाच्या बायोडेटात, एमएस-सीआयटी लागायचीच :-) ) मी तिसरीत. सुट्टीत दादा मलाही सोबत न्यायचा आणि कोपऱ्यातल्या एका जुनाट पीसीसमोर बसवून द्यायचा. त्यात कुणीतरी पहिला प्रिन्स टाकून ठेवला होता. पांढऱ्या कपड्यातला माणूस, अंधारं तळघर, खाली लोखंडी काटे. पहिल्या दिवशी किती वेळा मेलो ते मोजलं नाही, पण कड्यावरून पाय सुटला की पोटात जो गोळा यायचा तो अजून आठवतो.

दादाला एक मंत्र ठाऊक होता. डॉसवर नुसतं 'प्रिन्स' न टाइप करता 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करायचं. मग शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल! असं करत आम्ही थेट बाराव्या लेव्हलला जायचो. दादा मनोरा चढून द्यायचा आणि वर गेलं की समोर तलवार घेऊन एक काळी आकृती यायची. हुबेहूब प्रिन्ससारखी. मी तिला मारायचो आणि मीच मरायचो. पुन्हा मारायचो, पुन्हा मीच मरायचो. दादाचं मत होतं की गेम करप्ट आहे.

गेम करप्ट नव्हता. आम्ही चौथी लेव्हल उडी मारून ओलांडली होती, एवढंच. त्या लेव्हलमध्ये वाटेत एक आरसा येतो. आरशातून झेप घेतली की प्रिन्सची सावली त्याच्यापासून सुटते आणि पळून जाते. पुढे ती तुमच्या वाटेचं औषध पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दरवाजा बंद करते. बाराव्या लेव्हलला ती लढायला येते, पण तिला लागलेला प्रत्येक वार तुम्हालाच लागतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचं. दोघं पुन्हा एक होतात. हे मला कळलं तेव्हा मी बारावीत होतो!

आता या सावलीचा इतिहास बघा. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने हा गेम १९८५ च्या सुमारास अॅपल टू या कॉम्प्युटरवर करायला घेतला. गडी जवळजवळ एकटाच. धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम गिरवून प्रिन्स तयार केला. तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातल्या एका द्वंद्वावरून उचलली. संगीत वडिलांचं. म्हणजे सगळा घरचाच मामला. सहकारी मागे लागले होते की यात शत्रू हवेत, लढाई हवी. पण मेमरी संपली होती. आज मोबाईलमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही एवढीच ती मुळात. दुसऱ्या माणसाची चित्रं ठेवायला जागाच नाही. मग त्याने प्रिन्सचंच चित्र किंचित सरकवून स्वतःशीच एक्सॉर केलं. नवीन चित्र शून्य, आणि पडद्यावर चमचमणारी एक काळी सावली! गेममधली सगळ्यात भारी कल्पना अशी जागेच्या टंचाईतून निघाली. (पहारेकऱ्यांसाठी जागा त्याने नंतर काढली.)

१९८९ मध्ये गेम आला. सुरुवातीला फारसा खपलाच नाही. पुढे डॉस आणि इतर मशीनांवर गेला तेव्हा जगभर पोचला आणि यथावकाश इंदापूरच्या त्या कोपऱ्यातही. मूळ सोर्स कोडच्या फ्लॉपी हरवल्या होत्या. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना त्या घरातल्या कपाटात सापडल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला. आपण हापिसात सहा महिन्यांपूर्वीचा कोड शोधताना रडतो. असो.

आता मूळ मुद्दा. पुढचे भाग आणि रिमेक मूळ गेमपेक्षा चांगले की वाईट, यावर हॉस्टेलवर रात्र-रात्र भांडणं व्हायची. ग्राफिक्स, स्टोरी, बॉस फाइट, सगळं निघायचं. मला आता वाटतं की प्रिन्सच्या बाबतीत एकच प्रश्न विचारावा: पडल्यावर काय होतं?

१९८९ च्या गेममध्ये पडलात की लेव्हल पहिल्यापासून. वर साठ मिनिटांचं घड्याळ पळतंय, ते थांबत नाही. म्हणून प्रत्येक उडीला किंमत होती. १९९३ च्या दुसऱ्या भागात मेकनर आणि मंडळींनी जग मोठं केलं. उडता गालिचा आला, सांगाडे आले, एकाच वेळी अंगावर येणारे अनेक शत्रू आले. छान होता, पण 'तेच, आणखी जास्त'. १९९९ चा थ्रीडी प्रिन्स म्हणजे नुसते बग आणि हट्टी कॅमेरा. तिथे माणूस पडायचा तो बऱ्याचदा स्वतःच्या चुकीने नाही, त्यामुळे त्या पडण्याला अर्थच राहिला नाही.

मग २००३ ला सँड्स ऑफ टाइम आला. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने केला, कथा लिहायला स्वतः मेकनर. त्यांनी पडण्याचा प्रश्न नव्याने सोडवला. प्रिन्सकडे एक खंजीर आहे, त्यातल्या वाळूने काळ मागे फिरवता येतो. पडलात तर उलटे वर या आणि पुन्हा उडी मारा. पण वाळू मोजकीच. म्हणजे भीती गेली नाही, तिचं रूप बदललं. आणि ही सगळी गोष्ट प्रिन्स स्वतः सांगतोय, त्यामुळे तुम्ही मेलात की तो कथेकऱ्यासारखा सावरून घेतो, की नाही हो, असं नव्हतं घडलं, पुन्हा सांगतो. चित्रं वेगळी, बटणं वेगळी, पण पोटातला गोळा तोच. उत्तम सिक्वेल म्हणजे काय, तर हे.

पुढच्या भागांचं उदाहरण उलट्या बाजूने उपयोगी. २००४ च्या वॉरियर विदिनमध्ये प्रिन्स रागीट झाला, रक्त वाढलं, हेवी मेटल वाजायला लागलं. (कबुली: बारामतीला आत्याकडे आतेभावाच्या पीसीवर मी हाच आधी खेळलो, आणि पुढे इंजिनिअरिंगला बारामतीतच आल्यावर २००३ चा खेळलो. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्यासाठी तोच 'ओरिजिनल' होता!) २००८ च्या प्रिन्समध्ये तर पडलात की सोबतची एलिका दर वेळी हात धरून वर काढते. दिसायला तो गेम चित्रासारखा सुंदर आहे, पण उडी मारताना काही पणाला लागलेलं नसतं. गंमत म्हणजे याच मालिकेचा पुढचा भाग म्हणून सुरू झालेला एक प्रकल्प वाट सोडून निघाला आणि २००७ मध्ये असॅसिन्स क्रीड म्हणून बाहेर पडला. सिक्वेलने घर सोडून स्वतःचा संसार थाटला म्हणायचं.

आता २०२०. लॉकडाऊन. मी नुकताच इंजिनिअर झालेला, जॉइनिंगची तारीख पुढे-पुढे जातेय, गावी वडिलांसोबत शेतात मोटर चालू-बंद करायची हीच काय ती नोकरी. सप्टेंबरमध्ये बातमी आली की सँड्स ऑफ टाइमचा रिमेक होतोय आणि तो करताहेत युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ. पुणे! एवढा मोठा गेम त्यांनी इथल्या स्टुडिओंवर पहिल्यांदाच सोपवला होता. शिवाय मूळ गेमची गोष्टच हिंदुस्थानात सुरू होते. प्रिन्स आपल्या बापाच्या फौजेबरोबर एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून येतो आणि तिथूनच तो खंजीर पळवतो. नायिका फराह त्याच महाराजाची मुलगी. म्हणजे गोष्ट घरी परत येत होती. मी दादाला फोन करून सांगितलं.

मग ट्रेलर बघितला. चेहरे प्लॅस्टिकचे वाटले, रंग विचित्र. इंटरनेटवर चेष्टेचा पूर आला आणि मीही त्यात हात धुऊन घेतले. कॉलेजच्या ग्रुपवर मीम बनवून टाकलं. 'भारतात केलं की असंच होणार' हे वाक्य मी स्वतःच्या बोटांनी टाइप केलंय. त्यावर पंधरा-वीस हसरे चेहरे आले, बरं वाटलं.

गेम जानेवारी २०२१ मध्ये येणार होता. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं. तिथेही तो पुरा झाला नाही, आणि मूळ तारखेनंतर पाच वर्षांनी, जानेवारी २०२६ मध्ये, संपला. म्हणजे 'भारतात केलं म्हणून' हे माझं निदान तिथेच निकालात निघालं.

पण मला अक्कल त्याच्याही आधी आली होती, ती स्वतःच्या कामामुळे. हिंजवडीतला माझा पहिला प्रोजेक्ट होता बिलिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन करायचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माऊसचा पत्ता नाही. आम्ही झकास वेब पेज केलं. ड्रॉपडाउन, कॅलेंडर, गोल कोपऱ्यांची बटणं. पहिल्याच आठवड्यात वापरणाऱ्यांची बोंब, आमचं जुनं परत द्या. कारण विचारलं तर कुणालाच धड सांगता येईना. शेवटी एका बाईंच्या शेजारी बसून त्यांचं काम बघितलं तेव्हा कळलं. जुन्या सिस्टिमवर त्या पडद्याकडे बघतच नसत. डोळे कागदावर आणि बोटं आपोआप. टॅब, टॅब, एंटर. आम्ही दिसणारं सगळं नवं केलं होतं आणि बोटांत जे होतं ते फेकून दिलं होतं. ते कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं नव्हतं.

रिमेक अवघड असतो तो यासाठी. सिक्वेल म्हणू शकतो की मी वेगळा आहे. रिमेकला ती सोय नाही. त्याची तुलना जुन्या गेमशी होतच नाही, लोकांच्या आठवणीतल्या गेमशी होते. परवा मी २००३ चा गेम पुन्हा लावला. चेहरे ठोकळ्यासारखे, सगळं धूसर, कॅमेरा भिंतीत घुसतोय. २०२० चा ट्रेलर त्याच्यापेक्षा कितीतरी सरस दिसतो. पण आठवणीतला राजवाडा दोघांपेक्षा देखणा आहे, त्याला कोण हरवणार?

आमच्याकडे याचं एक जुनं उदाहरण आहे. उजनी धरण झालं तेव्हा भीमेकाठचं पळसदेव गाव पाण्याखाली गेलं. गाव वर वसवलं, पळसनाथाचं नवं देऊळ झालं. जुनं दगडी देऊळ पाण्यातच राहिलं. दुष्काळात पाणी उतरलं की ते वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी तळाला गेली तेव्हा आजीला घेऊन गेलो होतो. रस्ता नाही, नुसता भेगाळलेला गाळ. मी म्हटलं, "आजी, नव्या देवळात सावली आहे, पायऱ्या आहेत, बसायला जागा आहे. मग लोक इकडं का येतात?"

"देव तिकडंच हाय की," आजी म्हणाली. "पर पायाला हीच वाट ठावं हाय, त्याला काय करायचं?"

बोटांचं तेच, पायांचं तेच.

मग पुण्या-मुंबईच्या त्या टीमने ही वाट पकडली होती का? उडी मारताना पोटात गोळा येत होता का? वाळू संपत आल्यावर हात घट्ट होत होते का? ट्रेलरमध्ये फक्त चेहरे आणि रंग दिसतात. पडणं ट्रेलरमध्ये दिसत नाही, त्यासाठी गेम हातात यावा लागतो. तो कुणाच्याच हातात आला नाही. मी ज्या गेमवर मीम केलं तो मी खेळलोच नव्हतो. कदाचित तो खरंच वाईट असेल. पण ते ठरवायची संधीही आता गेली, आणि माझ्याच वयाच्या कितीतरी पोरापोरींनी रात्री जागून केलेलं काम कुठल्यातरी सर्व्हरवर पडून असेल.

तुम्ही यातलं काहीच खेळला नसाल तर आधी १९८९ चा खेळा. मग २००३ चा. मग २०२४ चा द लॉस्ट क्राउन, तो पुन्हा जुन्यासारखा बाजूने दिसतो आणि उडीची किंमत त्याला कळलेली आहे.

मागच्या रविवारी गावी दादाच्या मुलाला पहिला प्रिन्स लावून दिला. यंदा तो तिसरीत. मेगाहिटचा मंत्र सांगितला नाही. पहिल्या काट्यांवर पडल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, हे मागं कसं घ्यायचं?"

म्हटलं, यात मागं घेता येत नाही. तो पुन्हा खेळायला बसला, आणि मी कॉलेजचा ग्रुप उघडून ते जुनं मीम शोधलं. तेही आता डिलीट करता येत नाही. खाली एवढंच लिहिलं की चुकलो होतो. दोन जणांनी विचारलं, कशाबद्दल?