नामशेष वास्तु आणि वृद्धांच्या आठवणी

ज्युबिली म्हणजे केवळ उत्सव नव्हे. ती मागें वळून पाहण्याची वेळ होय. आमच्या धर्मग्रामाच्या वाटचालीची हकीकत ह्या स्मरणिकेंतील इतर लेखांत वाचकांस मिळेलच. परंतु धर्मग्राम कांहीं आकाशांत वसत नाहीं. त्याच्या भोंवतीं गांव असतें, गांवाभोंवतीं तालुका व जिल्हा असतो, आणि ज्या बाजारांतून, ज्या वेशींतून आमचे वाडवडील रविवारीं प्रार्थनेस येत, तीं स्थळेंहि आमच्याच इतिहासाचा भाग आहेत. म्हणून देवळाच्या आवाराबाहेर थोडें पाऊल टाकून, ह्या बुलढाणा जिल्ह्यांतील नाहींशा झालेल्या किंवा नाहींशा होऊं घातलेल्या कांहीं वास्तूंची आठवण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या गांवांतील एखाद्या वृद्ध गृहस्थास वाट विचारावी. तो म्हणतो, "जुन्या जिनाच्या मागून जा, वेशीपाशीं वळा, आणि टांग्याच्या अड्ड्यावरून पुढें चला." तेथें आज ना जिन, ना वेस, ना टांगा! तरुण मंडळी हंसतात. परंतु विचार केला तर हंसणाराचेंच अज्ञान दिसून येतें. कारण त्या वृद्धाच्या डोळ्यांपुढें जें गांव उभें आहे तेंहि तितकेंच खरें आहे. वास्तूचा अंत एकदम होत नाहीं. प्रथम तिचें काम थांबतें, मग तिच्या दगडविटा जातात, आणि शेवटीं तिचें नांव लोकांच्या तोंडून जातें. पहिले दोन अंत झाले तरी आशा असते. तिसरा झाला म्हणजे सर्वच संपलें.

आरंभ खामगांवापासून करूं. हें शहर आज चांदीच्या व्यापाराकरितां नांवाजलेलें असलें तरी त्याची पहिली कीर्ति कापसाची आहे. सन १८२० च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं येथें दुकानें घालून तूप, सूत आणि थोडासा कापूस ह्यांचा व्यापार सुरू केला, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि साता समुद्रांपलीकडील व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लागले. तोंवर येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून तांडेवाले नेत असत. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. परंतु तिचा मार्ग खामगांवाला आठ मैल बाजूस टाकून जलंबावरून गेला. येवढी मोठी पेठ अशी बाजूस राहणें सरकारास परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून जलंबापासून खामगांवापर्यंत आठ मैलांचा फांटा काढण्यांत आला, आणि १८७० सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांनीं स्वतः येऊन तो खुला केला. दोनच वर्षांनीं अंदमानांत त्यांचा खून झाला. खामगांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९०५ सालीं वऱ्हाडांतील जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हां खामगांव व जळगांव हे दोन तालुके बुलढाण्यास जोडले गेले.

आगगाडी आली आणि तिच्या मागोमाग जिन व प्रेस आले. सरकीपासून रुई वेगळी करणें आणि तिच्या गांठी दाबणें ह्या दोन कामांवर सारें शहर पोसलें जाऊं लागलें. दिवाळी आटोपली कीं कापसानें भरलेल्या बंड्यांची रांग लागे. शेतकरी रात्रीं बंडीखालींच निजे, पहांटे बैलांस वैरण घाली आणि अडत्याची वाट पाही. त्याहूनहि जुन्या पिढीच्या तोंडीं रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची गोष्ट असे. त्या रुमालाखालीं काय ठरलें तें मालाचा धनी जो शेतकरी त्यासच कळत नसे! वर कडता आणि धर्मादाय ह्यांची कपात निराळी. हा अन्याय थांबावा म्हणून १८९७ सालीं वऱ्हाडांत कापूस व धान्य ह्यांच्या बाजारांविषयीं कायदा झाला. बाजाराचें नियमन करणारा असा कायदा हिंदुस्थानांत प्रथम वऱ्हाडांतच झाला, ही गोष्ट आमच्या प्रांतास भूषणावह आहे.

जिनाचा भोंगा हेंच कामकरी लोकांचें घड्याळ होतें. भोंगा झाला कीं चुली पेटत, बायामाणसें डोईस फडकें बांधून कामावर निघत, आणि सायंकाळीं परत येत तेव्हां केंसांवर, पापण्यांवर कापसाचा कीस असे. धुराडें दुरून दिसलें कीं बाहेरगांवचा वाटसरू खामगांव जवळ आलें हें ओळखी. आज तो भोंगा कोठें आहे? १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली, तेव्हां कापसाची जुनी अडत बसली. काळानें ती योजनाहि मागें पडली. जुन्या यंत्रांची सद्दी संपली, कित्येक धुराडीं पाडलीं गेलीं, आणि त्या आवारांत वसाहती व दुकानें उभीं राहिलीं. आम्ही त्याबद्दल कोणास दोष देत नाहीं. माणसांस राहावयास घरें हवींच. परंतु ज्या मजुरांच्या घामावर हें शहर वाढलें, त्यांचें नांव कोणत्याच शिलेवर कोरलेलें नाहीं. त्यांचें स्मारक म्हणजे तो भोंगा ऐकलेल्या वृद्धांची आठवण, आणि तीहि आतां थोड्याच घरांत उरली आहे.

धंदा गेला म्हणजे गांव कसें ओसरतें ह्याचें याहून जुनें उदाहरण मेहकरचें आहे. कांहीं शतकांपूर्वीं तेथील मोमीन विणकर इतके सधन होते कीं, गांवास तट बांधण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. त्यांच्या नांवाची वेस व तिजवरील शिलालेख एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी गॅझेटियरकारांनीं उभा पाहिला व नोंदून ठेविला. मेहकरचीं धोतरें त्या काळीं उंची समजलीं जात. विचार करा, राजानें नव्हे, सरदारानें नव्हे, तर मागावर बसणाऱ्या लोकांनीं गांवाचें रक्षण आपल्या पदरच्या पैशानें केलें! परंतु मेहकर लष्करांच्या वाटेवर पडलें. १७६९ सालीं नागपुरकर भोसल्यांवर चाल करतांना माधवराव पेशव्यांचा तळ येथें पडला होता, आणि १८१७ सालीं अप्पासाहेब भोसल्यांवर जातांना जनरल डव्हटन ह्यानेंहि येथेंच छावणी केली. मध्यंतरीं पेंढाऱ्यांची लूट झाली व १८०३ चा दुष्काळ पडला. विणकरांची ती श्रीमंती पुन्हां आली नाहीं.

मलकापुराचीहि हीच कथा. खानदेशच्या फारुकी घराण्यांतील एका राजपुत्रानें तें वसविलें व आपल्या मलिका नांवाच्या कन्येवरून त्यास नांव दिलें, असें सांगतात. १७६१ सालीं रघुनाथरावाच्या फौजेनें गांव लुटूं नये म्हणून मलकापुरकरांनीं ६०,००० रुपये मोजून दिले. गांवकऱ्यांनीं त्या दिवशीं दिलेली किंमत ध्यानांत घेतली म्हणजे जुन्या तटाच्या पडक्या दगडांकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटते.

आतां लोणारकडे वळूं. तेथील सरोवर उल्कापातानें झालें हें शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं पुराव्यानिशीं सिद्ध केलें, आणि आज देशोदेशींचे लोक तें पाहावयास येतात. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली, असें सर्वत्र छापलेलें आढळतें. परंतु त्याच्या कितीतरी आधीं, अकबराच्या कारकीर्दींत लिहिलेल्या आईन-इ-अकबरींत, येथें कांच व साबण करण्याजोगे पदार्थ मिळतात असें स्पष्ट लिहिलें आहे. तो पदार्थ म्हणजे सरोवराचा खार. उन्हाळ्यांत पाणी हटलें कीं काठावर खाराचा थर राही, आणि लोक तो गोळा करीत. त्याच्या प्रतीप्रमाणें दल्ला, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें होतीं. ह्याच खारानें बांगड्यांची कांच होई, कपड्यास रंग चढे आणि घरोघरीं पापड फुलत. पुढें कारखान्यांतला सोडा स्वस्त झाला आणि हा धंदा बसला. सरोवर जागेवर आहे. परंतु त्यांत उतरून पोट भरणाऱ्यांचे शब्द मात्र गेले. वास्तूप्रमाणें धंदाहि नामशेष होतो, आणि त्याचा चौथरासुद्धां मागें उरत नाहीं.

त्याच लोणारांतील दैत्यसूदनाचें मंदिर चालुक्यांच्या काळचें, अंगभर कोरीव काम असलेलें. परंतु कित्येक पिढ्या तें मातीच्या ढिगाऱ्याखालीं दडलेलें होतें. १८७८ च्या सुमारास ती माती काढली तेव्हां तें पुन्हां उजेडांत आलें. तसाच प्रकार सिंदखेडराजास परवां घडला. सिंदखेड हें राजमाता जिजाबाईंचें जन्मस्थान. १५९८ सालीं लखुजी जाधवांच्या वाड्यांत त्यांचा जन्म झाला. १६२९ सालीं लखुजी व त्यांचे पुत्र दौलताबादेस दग्यानें मारले गेले, आणि सिंदखेडास त्यांची भव्य समाधि बांधण्यांत आली. २०२४ सालीं ह्या समाधीच्या दुरुस्तीचें काम चाललें असतां जमिनींत एका प्राचीन देवालयाचा पाया लागला, आणि आणखी खणतां शेषशायी विष्णूची मोठी पाषाणमूर्ति निघाली. इतकीं वर्षें लोक त्या जागेवरून जात येत होते. पण पायांखालीं काय आहे तें कोणासच ठाऊक नव्हतें. दगड शाबूत, पण आठवण गेलेली, असा हा प्रकार आहे.

ह्याच्या उलट प्रकार साखरखेर्ड्याचा. १७२४ सालीं तेथें निजामउल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव केला, आणि त्या विजयाची खूण म्हणून गांवाचें नांव फत्तेखेर्डा असें ठेविलें. दप्तरांत तें नांव चाललें, नकाशांवर छापलें गेलें. परंतु बाजारास जाणाऱ्या बाईनें, गुरें राखणाऱ्या पोरानें साखरखेर्डा म्हणण्याचें सोडलें नाहीं, आणि आज गांवाचें नांव साखरखेर्डा असेंच आहे. विजेत्याच्या हुकुमाहून सामान्य माणसाच्या जिभेचें बळ मोठें ठरलें. लोकस्मृति जें धरून ठेवते तें टिकतें, ह्याला दुसरा दाखला कशास हवा?

मात्र आठवण पवित्र असली तरी ती पारखून घ्यावी लागते. मेहकरास कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत. कंचनी नांवाच्या नर्तकीनें महालाच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा पाहण्याचा हट्ट धरला व ती शापानें दगड झाली, अशी दंतकथा आहे. मेहकरचेच कवि ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) ह्यांनीं आपल्या एका काव्यसंग्रहास ह्या महालाचेंच नांव दिलें. दंतकथा गोड आहे. ती अवश्य सांगावी, पण दंतकथा म्हणून सांगावी. कारण ज्या गांवांत खरा इतिहास विसरला जातो तेथें खोटा इतिहास रिकामी जागा भरूं लागतो, आणि खोट्या इतिहासावरून शेजारी शेजाऱ्यांशीं भांडतात. चालुक्यांचे कारागीर, फारुकी राजपुत्र, मोमीन विणकर, जाधवांचे घराणें, तांडेवाले बंजारी, जिनांतील मजूर, अशा नाना लोकांच्या हातांनीं हा जिल्हा घडला आहे. हें सत्य ज्यास ठाऊक आहे तो सहसा द्वेषाच्या आहारीं जात नाहीं.

ह्या कामीं आम्हां कॅथोलिकांजवळ एक ठेवा आहे, त्याची आठवण देणें अवश्य वाटतें. १५६३ सालीं त्रेंत येथील महासभेनें बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामांत ठेवाव्या असा नियम घातला. मृत्यूच्या नोंदींचीहि चाल पुढें पडली. नांव, आईबाप, दिवस, साक्षीदार, इतकीच कोरडी माहिती त्यांत असते. परंतु त्याच ओळी एका वृद्धेस वाचून दाखवाव्या आणि मग तिचें ऐकावें. अमका साक्षीदार कोणत्या जिनांत कामास होता, लग्नाची वरात कोणत्या वेशींतून आली, दुष्काळाच्या वर्षीं कोणतें घर ओस पडलें, तें सर्व ती सांगूं लागते. कागद तारीख देतो, माणूस अर्थ देतो. दोन्ही एकत्र आल्याशिवाय इतिहास होत नाहीं.

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवानें नदीच्या पात्रांतून बारा धोंडे आणवून उभे केले, तें मुलांनीं पुढें त्यांचा अर्थ विचारावा म्हणून. आमच्याकडे धोंडे पडत चालले आहेत, आणि मुलें विचारीत नाहींत. हीच काळजीची गोष्ट होय. म्हणून प्रत्येक कुटुंबास आमची विनंति आहे. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं घरांतील, आळींतील वृद्धांजवळ एक संध्याकाळ बसावें. जुना रस्ता कोठून जात होता, विहीर कोणती बुजली, बाजार कोठें भरत असे, हें विचारावें व सांगणाराच्याच शब्दांत वहींत उतरून घ्यावें. जें त्यांनीं स्वतः पाहिलें तें वेगळें आणि जें ऐकलें तें वेगळें लिहावें. सोबत तारीख घालावी, आणि वही जपून ठेवावी.

पडलेली वेस पुन्हां उभी करणें आमच्या हातीं नाहीं. तिचें नांव पुढच्या पिढीच्या स्वाधीन करणें आमच्या हातीं आहे. सांगणारे आज आमच्यांत आहेत. पुढच्या ज्युबिलीपर्यंत ते असतीलच असें नाहीं. म्हणून हें काम आजच हातीं घ्यावें, येवढेंच आमचें सर्वांस नम्रतेनें सांगणें आहे.