दिवाळी बोनस, तेरावा पगार आणि घरातली यादी

दिवाळी जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतोच. वर्षाचे ५२ आठवडे, चार आठवड्यांचा एक पगार म्हणजे तेरा पगार. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू करून एक खाल्ला, तोच बोनस म्हणून परत मिळाला, वगैरे. यंदा मला सहा जणांनी पाठवलाय. हिशोब ऐकायला बरा वाटतो, पण मुंबईच्या गिरण्यांत आधीपासूनच महिन्याचा पगार होता, आणि बोनस आला तो युद्धामुळे.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि गिरण्यांचा नफाही. १९१७ पासून मालकांनी पगारावर टक्केवारीने महागाईची जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. मग १९१९ ते १९२२ या चार वर्षांसाठी वर्षाला एक पगार बोनस मिळाला. चार वर्षं एखादी गोष्ट मिळाली की माणूस ती धरूनच चालतो. चाळीतला किराणा, गावाकडची मनीऑर्डर, उसनवारी, सगळं त्या पगाराच्या भरवशावर. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला. मंदी आहे म्हणाले. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. (दिवाळी तेव्हा केव्हाच उरकली होती, बरं का.) दोन महिन्यांच्या वर गिरण्या बंद, गोळीबारही झाला. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिओड यांची समिती नेमली. तिचा निष्कर्ष असा, की दरवर्षी बोनस मागण्याचा हक्क ना रूढीने सिद्ध होतो, ना कायद्याने. कामगार हात हलवत परतले.

तो हक्क कायद्यात यायला १९६५ उजाडलं. आधी किमान ४ टक्के, १९७२ ला ८.३३. म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा भाग, फिरून तोच एक पगार. दिवाळीशी सांधा जुळतो तो असा: हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा. ३१ मार्चपासून मोजा, ३० नोव्हेंबर येतो. दिवाळी त्याच्या आतच असते.

हे सगळं उकरून काढायला कारण आहे. माझे वडील सूतगिरणीत होते. एका वर्षी गिरणीने बोनस दिला नाही, आणि दादांनी घरी सांगितलंच नाही. आम्हा भावंडांची यादी वसुबारसेपर्यंत वाढतच राहिली. बूट, फटाके, आईला साडी. दादा रोज उशिरा यायचे, जेवताना बोलायचे नाहीत, एकदा रॉकेटवरून धाकट्याला फटका दिला. धनत्रयोदशीला रात्री आईने विचारलं तेव्हा ते ओट्यावर बसून रडले. पैसे नव्हते हे तर होतंच. पण पंधरा दिवस ते एकट्याने पोटात ठेवलं, त्यानेच माणूस खचला असं मला आज वाटतं.

आता आपल्या गावात बोनस मिळणारे किती? चार-पाच पोरांच्या दुकानाला तो कायदा लागूच नाही. रिक्षावाला, शिकवणीवाला, रोजंदारीवाला, आणि माझ्यासारखा जाहिरातीच्या कमिशनवर जगणारा वार्ताहर, आमचा तेरावा पगार कुठला? पण घराघरातली यादी मात्र तेरावा पगार गृहीत धरूनच होते. त्यात शेजारच्यांचे मोबाईलवरचे फोटो. मग हप्त्यावर वस्तू येते, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत घरात धुसफूस.

यंदा कोजागरीला दूध आटेपर्यंत मी आकडाच सांगून टाकला. एवढे आहेत, यात बसवा. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. बायकोने पडदे खोडले. लेक तासभर फुगून बसली, मग म्हणाली, ड्रेस एकच घेऊ, पण किल्ला मोठा करायचा. माती आणायला रविवारी नदीवर जातोय. कुणाकडे जादा पोती असतील तर कळवा.