कुकरैलकाठची दंतकथा

लखनौच्या गोमती नगराचा नकाशा पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तेथील नावांकडे जाते. १९८० च्या दशकात विकास प्राधिकरणाने ही वसाहत उभारली, तेव्हा तिच्या भागांना विनय खंड, विराम खंड, विशाल खंड, विभूति खंड, विपुल खंड अशी एकाच अक्षराने आरंभ होणारी नावे दिली गेली. या सरकारी अनुप्रासात न बसणारी उजरियाव, ग्वारी, जुगौली, कठौता ही नावे मात्र मधूनमधून शिल्लक आहेत. ती वसाहतीपूर्वीच्या खेड्यांची होत. शेते गेली, शिवा पुसल्या, नावे तेवढी राहिली. अशा लहान गावांचा इतिहास स्वतंत्रपणे कोणी लिहीत नाही. एखादे सैन्य शिवेवरून गेले तर त्यांचा उल्लेख ग्रंथांत येतो, आणि एखादी कथा जडली तर ती लोकांच्या तोंडी राहतात. या परिसराला दोन्ही गोष्टी लाभल्या आणि दोहोंचा संबंध एकाच जलप्रवाहाशी आहे. त्याचे नाव कुकरैल. शहराच्या उत्तरेस बक्षी का तालाबच्या बाजूला अस्ती या गावाजवळ उगम पावून तो दक्षिणेकडे येतो आणि गोमती नगराच्या पश्चिम अंगाला गोमतीस मिळतो.

ग्रंथांतील उल्लेख १८५७ चा आहे. ३० जून रोजी हेन्री लॉरेन्स लखनौहून फैजाबाद रस्त्याने चिनहटकडे निघाला. त्याच्या फौजेबरोबर हत्तीने ओढलेली आठ इंची तोफही होती. लढाईत उठावाच्या सैन्याने इस्माइलगंज हे खेडे ताब्यात घेतले व तेथून केलेल्या माऱ्याने इंग्रजांची फळी मोडली. ते खेडे परत घेण्याच्या प्रयत्नात ३२ व्या पलटणीचा प्रमुख कर्नल केस पडला. पाणी न मिळालेली, उन्हाने होरपळलेली फौज कुकरैलच्या पुलाकडे पळत सुटली. इंग्रज वृत्तांत सांगतात की, लॉरेन्सने त्या पुलाशी तोफा उभ्या केल्या आणि गोलंदाजांना पेटत्या बत्त्या हाती धरून उभे राहण्यास सांगितले. तोफांत दारूगोळा नव्हता. पाठलाग करणारे मात्र थबकले. लॉरेन्स रेसिडेन्सीत परतला, २ जुलैला तोफगोळ्याने जखमी झाला आणि ४ जुलैला मरण पावला. इस्माइलगंजच्या रहिवाशांचे त्या दिवशी काय झाले, याविषयी हे वृत्तांत बोलत नाहीत. त्यांच्या लेखी गाव म्हणजे केवळ आडोसा होता.

कुकरैलची लोककथा सेनापतीविषयी नाही. ती एका बंजाऱ्याविषयी आणि त्याच्या कुत्र्याविषयी आहे. बंजारा कर्जात बुडाला. गहाण ठेवण्यासारखे काही जवळ नव्हते, म्हणून त्याने आपला कुत्राच सावकाराकडे ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी ऐवज कोठे लपविला हे कुत्र्याने पाहिले होते, त्याने धन्याला तेथे नेले. सावकाराने संतोषाने सगळे कर्ज माफ केले, तसे चिठ्ठीवर लिहिले, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे सोडले. दुरून धावत येणारा कुत्रा बंजाऱ्याने पाहिला आणि त्याला वाटले, हा पळून आला, याने माझा शब्द मोडला. त्याने त्याला ठार मारले. चिठ्ठी नंतर दिसली. कुत्रा मेला तेथे पाणी फुटले व त्याचा ओढा झाला. अवधीत कुत्र्याला 'कूकुर' म्हणतात, आणि ओढ्याचे नाव त्यावरून पडले असे लोक सांगतात.

ही कथा एकट्या लखनौची नाही. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यातील खपरी गावी कुकुरदेवाचे मंदिर आहे. तेथेही हाच बंजारा, हाच सावकार, हीच चिठ्ठी. वेल्समधील बेडगेलर्ट या खेड्यात राजपुत्राच्या गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस एका खाणावळवाल्याने प्रवाशांच्या आकर्षणासाठी उभी केली, असे मानले जाते. फ्रान्समध्ये ल्योंजवळ ग्विनफोर नावाच्या कुत्र्याला संत मानून आया आजारी मुले त्याच्या थडग्याशी नेत. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बों या धर्माधिकाऱ्याने त्याची हाडे उकरून जाळविली, तरी ती भक्ती शतकानुशतके टिकली. या कथांचा पूर्वज म्हणून पंचतंत्राच्या 'अपरीक्षितकारक' तंत्रातील ब्राह्मणी व मुंगूस यांच्या कथेकडे बोट दाखविले जाते. महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. रायगडावरील वाघ्याच्या समाधीवर १९३६ साली पुतळा बसला, आणि वाघ्या ऐतिहासिक की कविकल्पित हा वाद अजूनही मिटलेला नाही.

तथापि एवढ्यावरून कुकरैलची कथा म्हणजे पंचतंत्राची शिळी प्रत, असे ठरविणे घाईचे होईल. मुंगूस, गेलर्ट व ग्विनफोर यांच्या कथांत घात होतो तो रक्तामुळे. तोंडाला लागलेले रक्त पाहणाऱ्याने आपल्याच बाळाचे समजले. कुकरैलच्या कथेत रक्त नाही, मूल नाही, साप नाही. येथे घात होतो तो गहाणाच्या व्यवहारात. बंजाऱ्याचा राग खुनशी नाही, तो पतीचा राग आहे. बैलांच्या तांड्यांवर मीठ व धान्य वाहून नेणाऱ्या या लोकांजवळ जमीन नव्हती, घर नव्हते. सावकाराच्या दारी त्यांचा शब्द हेच भांडवल. १८६७ मध्ये कानपूरहून लखनौपर्यंत रेल्वे आली आणि असे लोहमार्ग वाढत गेले, तसतसा तांड्यांचा धंदाही ओसरला. एका अर्थाने ही कथा त्या नाहीशा झालेल्या व्यापाराचा दस्तऐवज आहे. खलनायक म्हणून जो सावकार लोककथेत सहसा भेटतो, तोच येथे उदार निघतो, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोष एकट्या बंजाऱ्याचा ठरतो, आणि तोही शब्द पाळण्याच्या हट्टापायी. संशोधकाने मूळ शोधण्याच्या नादात कथेतील हा फरक गमावू नये. मूळ सर्वत्र एकच सापडेल. गाव निराळे आहे ते या फरकामुळे.

लोकांनी मात्र कथेचा उपयोग वेगळाच केला. कुत्रा चावलेल्याने कुकरैलमध्ये स्नान केले तर विष उतरते, ही समजूत लखनौत पिढ्यान्‌पिढ्या होती. अन्यायाने मारलेल्या प्राण्याच्या जागेला औषधी गुण यावा, हा लोकधर्माचा जुना न्याय आहे, आणि खपरीतही माणसे त्याच आशेने जात आली आहेत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर १८८५ पासून लस आहे, त्या स्नानाने कोणी वाचला नसेल हे उघड आहे. शिवाय पुढे शहराचे सांडपाणी येऊन मिळाले आणि कुकरैलची गणना नदीत न होता नाल्यात होऊ लागली.

नदी पुन्हा जिवंत करण्याची योजना निघाली, तेव्हा काठावरची अकबरनगर ही वसाहत आड आली. न्यायालयीन लढा रहिवासी हरले आणि जून २०२४ मध्ये सुमारे १,८०० बांधकामे पाडण्यात आली. रहिवाशांना शहराच्या दुसऱ्या टोकाला वसंत कुंज येथे घरे देण्यात आली. मोकळ्या झालेल्या जागेवर त्याच वर्षी झाडे लावली गेली आणि त्या वनाला सौमित्र वन असे नाव मिळाले. सौमित्र म्हणजे लक्ष्मण. लखनौ ही लक्ष्मणाची नगरी, ही या शहराची सर्वांत प्रतिष्ठित दंतकथा आहे. वनाला नाव राजपुत्राचे मिळाले. शेजारून वाहणारे पाणी अद्याप कुत्र्याच्याच नावाने ओळखले जाते.